जड हवा

मक्याची दारू काढतो आम्ही. पिण्याची नव्हे,
गाडीच्या टाकीत घालायची.
नॉर्थ डाकोटात एवढ्या वाऱ्यात दुसरं काय करणार.
टाक्यांत दिवसरात्र खदखद चालू असते
आणि खदखदीतून जो वायू सुटतो
तो माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी
सरळ आभाळात सोडून द्यायचो आम्ही,
दारात उभं राहून कुणी घोंगडं झटकावं तसा.

आता त्याला धरतात.
वाळवतात, दाबतात,
आणि दोन मैल खाली
खारट, तापलेल्या खडकात लोटून देतात.

याच मातीला माझ्या बापानं भोक पाडलं होतं,
हाल्वर त्वेट, तेल लागेल म्हणून.
लागलं खारं पाणी,
असं कढत की डाव्या मनगटावरचा डाग
शवपेटीतही ओळखू येत होता.
भोक बुजवलं. नकाशावर फुली राहिली.
आमची विहीर त्या फुलीपासून चाळीस पावलांवर.

खाली गेल्यावर तो धड वारा राहत नाही,
धड पाणीही होत नाही.
खडकाच्या बारीक बारीक फटींतून फिरतो,
ऊब गोळा करतो आणि वर येतो,
एक चक्र फिरवतो, माझ्या फ्रीजएवढं,
गार होतो, पुन्हा खाली.
रहाटगाडगंच म्हणा,
फक्त गाडगी नाहीत, बैल नाही,
आणि वर येतं ते पाणी नव्हे.

पुण्य वगैरे म्हणू नका याला.
मक्याला खत लागतं, खताला गॅस,
ट्रकला डिझेल. मी वहीत मांडून बघितलं एकदा,
हिशेब काही जुळला नाही.
वही ड्रॉवरमध्ये आहे.

एमिल स्टाइनवांडनं जमीन दिली नाही.
चर्चच्या तळघरात सभा होती, कॉफी पातळ,
इंजिनिअर पडद्यावर रेघा दाखवत होता.
एमिल उठला, टोपी हातात:
"माझी गुरं खोलगटात झोपतात.
तुमचा वायू जड आहे म्हणता.
नळी फुटली तर तोही खोलगटातच येणार झोपायला."
कुणी हसलं नाही.
रेघांमध्ये त्याचं उत्तर नव्हतं.
नळी सात मैल वळसा घालून गेली,
आणि त्याच्या कुंपणावर पाटी लागली:
माझ्या मातीखालून नाही.

फेब्रुवारीत तारांवर बर्फ चढला.
उणे चौतीस. पश्चिमेकडून येणारी लाइन पडली,
टेकडीवरच्या पवनचक्क्या
पाती गोठून उभ्याच्या उभ्या.
आमचं चक्र फिरत होतं.
खाली दोन मैलांवर हिवाळा नसतो.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन.
"आर्डिस, इथं दिवा चालू आहे."
मी म्हटलं, बरं.
"का चालू आहे?"
त्याची कालवड अडली होती,
कोपरापर्यंत हात आत, फोन खांद्यात धरलेला,
हे मला नंतर कळलं; तेव्हा ऐकू येत होता
फक्त गोठ्यातला जाड श्वास, त्याचा की तिचा.
मी सांगितलं, का ते.

बराच वेळ काही नाही.
मग: "गळत तर नाहीये ना कुठे?"
मी आकड्यांकडे पाहिलं. सगळे, एकेक करून,
उगाच घाई न करता.
"नाही."
"बघत राहा," म्हणाला, आणि ठेवला.

बघत राहिले. सकाळी बर्फ निळा दिसायला लागला,
पाळी बदलायला लॉरेल आली, बुटांवरचं झाडत.
वासरू जगलं असं दुकानात कळलं,
त्यानं मला सांगितलं नाही.
पाटी अजून कुंपणावर आहे,
उन्हाळ्यात त्यानं तिला नवा रंग दिला.
उतरव असं मीही कधी म्हटलेलं नाही.