माया न सोडता

कोपरखैरण्याच्या सेक्टर पंधरात माझं दुकान.
बायका म्हणतात, ताई, आत माया ठेवा जरा,
आणि मी ठेवते. ब्लाऊजला दीड इंच,
गणवेशाच्या पँटला चार बोटं, आत दुमडून,
कारण पोरं वाढतात आणि कापड महाग.

हेरंब माझा, चौदा पूर्ण. पाच फूट सात.
वजन त्रेचाळीस, तेही जेवल्यावर.
फासळ्यांवरून टेप फिरवते तर हसतो,
गुदगुल्या होतात म्हणतो.
मागच्या मंगळवारचं माप आजच्या मापाला ओळख देत नाही.

तांडेल सर म्हणाले, हात सुंदर मारतो,
पण करंजाच्या पाण्यात वीस मिनिटांत ओठ जांभळे.
चरबीच नाही, वहिनी, अंगावर.
सूट घ्या त्याला, रबराचा.

वाशीच्या दुकानात
मीडियम पोटरीवरच संपला.
लार्जमध्ये उंची मावली, छाती हरवली,
पाठीच्या खळगीत माझी अख्खी मूठ गेली.
दुकानदार म्हणाला, चालतं एवढं,
भरेल की पोरगं अजून.
बावीस वर्षं मी हेच सांगत आले गिऱ्हाइकांना.

सर मात्र हसले.
हा कपडा पाणी अडवत नाही, म्हणाले,
थोडं आत घेतो. अंगाच्या उबेनं ते तापतं
आणि मग तेच पांघरूण.
ढिला असला तर दर हाताला नवं गार पाणी.
म्हणजे माया नकोच?
अजिबात नको. आजच्या अंगाचा हवा.

शेवटी बेलापूरच्या युक्ताचा जुना मिळाला,
तिला आता दंडात होत नाही.
उंची नेमकी, छाती नेमकी, कमरेला तेवढा सैल.
मुलीचा आहे, हेरंब कुरकुरला.
पाण्याला काय कळतंय, मी म्हटलं.
मग वाटलं, पाण्यालाच तर कळतं.

रबर नेहमीसारखं शिवत नाहीत.
सुई आरपार गेली की भोक, भोकातून समुद्र.
तीन मिलिमीटरच्या जाडीत निम्म्यावर जायचं
आणि वळून परत यायचं.
आधी काळा गोंद, तो वाळेपर्यंत गप्प बसणं,
मग वाकडी सुई, स्टेशनबाहेरच्या चप्पलवाल्या काकांकडून मागून आणलेली.
पहिली शिवण उसवली. दुसरी गळली.
तीन रात्री, दोन बोटांची कातडी.
कापून काढलेल्या दोन काळ्या फाका
सवयीनं डब्यात ठेवल्या,
पुन्हा जोडता येणार नाहीत हे माहीत असून.

रविवारी पहाटे जेट्टीच्या पायरीवर
पायात किराण्याची पिशवी चढवून
त्यानं एकेक पाय आत सरकवला.
पाठीची चेन मी ओढली.
चौदा वर्षांत पहिल्यांदा
त्याच्या अंगावर असं काही चढवलं
ज्यात उद्याला जागा नव्हती.

चाळीस मिनिटं मी होड्यांच्या मधे
एक काळा ठिपका शोधत होते.
वर आला तेव्हा ओठ ओठांच्याच रंगाचे.
सूट सोलला तसं आतलं पाणी पायरीवर ओघळलं,
मी बोटं लावली.
कोमट होतं.

मार्चमध्ये मनगट दोन बोटं बाहेर.
होळीनंतर चेन अर्ध्यावर अडली, मी जोर केला नाही.
बाल्कनीत उलटा टांगलेला तो
वाऱ्यानं हलतो तेव्हा डिसेंबरातला हेरंब
खांदे पाडून उभा असतो,
आणि खरा हेरंब त्याच्या शेजारून वाकून जातो,
दाराची चौकट डोक्याला लागू नये म्हणून.

काल सरांनी ऐरोलीचा एक पोरगा पाठवला.
काडी नुसती. बनियन काढून उभा राहिला,
पोट आत, श्वास छातीत कोंडून, जवान असल्यासारखा.
सोड, म्हटलं, सोड तो श्वास,
सोडल्यावरच खरं माप मिळतं.
टेप त्याच्या फासळ्यांकडे नेला,
तेवढ्यात मागून, नव्यानं फुटलेल्या आवाजात,
हेरंब त्याला म्हणाला,
गुदगुल्या होतील हं.