काडी वाळेपर्यंत

हूमा गावात, गळ-आमिषाच्या दुकानावर
वकील गिड्रींचं ऑफिस आहे. मी तिथं दिवस मोजते.
पगार त्याचाच मिळतो.

लुइझियानात साधं लग्न मोडायला
एकशे ऐंशी दिवस वेगळं राहायचं,
पदरी लहान मूल असेल तर तीनशे पासष्ट.
आणि ज्यांनी तरुणपणी, पाद्र्यांच्या भरीला पडून
पक्क्या कराराचं लग्न लावलं
त्यांना दोन वर्षं,
समुपदेशकाच्या सह्या वेगळ्या.

एल्मीर आणि ओव्हिड पक्क्या करारातले.
पहिल्या दिवशी ती म्हणाली,
"एकवीस वर्षं विचारच केला. आता आणखी कसला?"
गिड्री चष्मा पुसत राहिले. हे त्यांचं उत्तर असतं.
मी तिला पाणी दिलं, कॅलेंडर दिलं.

काडीमोड हा शब्द ज्यानं घडवला
त्याला झाडं ठाऊक असणार.
ओली काडी मोडत नाही.
वाकते, चिरते, सालीला धरून लोंबत राहते,
पिळून पिळून तोडावी लागते,
हाताचा चीक दोन दिवस जात नाही.
कायदा म्हणतो, थांबा. वाळू द्या.

कधी कधी कायद्याचं खरं निघतं.
चौऱ्याण्णवाव्या दिवशी एक जोडपं फाइल परत मागायला आलं,
एकाच ट्रकमधून, भांडतच.

आणि डेल्फीन.
तिच्या दारासमोर रोज रात्री
गाडीचे दिवे येऊन थांबायचे, इंजिन चालू.
तिलाही मी तेच एकशे ऐंशी मोजून दिले.
मारल्याचा पुरावा नव्हता,
आणि दिव्यांचा पुरावा कुठून आणायचा?
तिच्या वहीत एकशे सव्विसाव्या दिवसानंतर
मी काही लिहिलेलं नाही.

एल्मीरच्या सहाशे बाराव्या दिवशी वादळ आलं.
छप्पर गेलं, वीज गेली, रस्ता बायूच्या पाण्यात गेला.
दोन दिवसांनी ओव्हिड कोळंबीच्या बोटीतून आला,
जनरेटर घेऊन.
तिचं इन्सुलिन गार राहिलं पाहिजे
हे कुठल्याच करारात लिहिलेलं नव्हतं.
अकरा रात्री राहिला.
दर चार तासांनी उठून तेल घालायचा.

मग ऑफिस उघडलं. भिंती ओल्या, फाइलींना बुरशी.
गिड्रींनी विचारलं, त्यांना विचारावंच लागतं,
"समेट झाला का?
झाला असेल तर मोजणी पुन्हा एकपासून."

एल्मीर खिडकीबाहेर बघत राहिली.
"एका छपराखाली नव्हतो आम्ही," ती म्हणाली.
"छप्पर नव्हतंच."
कोणी हसलं नाही.
"डब्यातले पीच खाल्ले. बोललो थोडं,
बरंचसं जनरेटरबद्दल.
तो अजून घोरतो.
एका रात्री मी उठून त्याचं पांघरूण सारखं केलं.
याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

गिड्रींनी चष्मा काढला.

खाली ओव्हिड ट्रकमध्ये बसून होता.
वर यायचं की नाही
हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.
रस्त्याकडेला पेकनच्या फांद्यांचा ढीग,
पालिकेची गाडी यायची होती अजून.
झाडापासून तुटून तीन आठवडे झालेल्या एका फांदीला
वीतभर कोवळी पालवी आली होती.
अंगातली ओल असते ती.
तिच्यावरून झाडाचं काही सांगता येत नाही.

मी रकान्यावर पेन धरून बसले:
सहाशे चाळीस, की एक?

"पेन्सिलनं लिही," एल्मीर म्हणाली,
आणि पर्स उघडून
इन्सुलिनचा डबा अजून गार आहे का
ते हात लावून बघितलं.