गाळी

तवंदी घाट उतरताना
मागचं डावं चाक ढोपरावर आल्यागत झालं
आणि गाडी कठड्याकडं बघायला लागली.
मागच्या सीटवर थर्माकोलची पेटी,
पेटीत निपाणीतल्या एकवीस माणसांचं रक्त,
प्रत्येक नळीवर नाव, वय, उपाशी की जेवून.
एकही नळी फुटली नाही.
टायर मात्र आतल्या दोऱ्या दाखवत होता.

म्हणून स्टेपनीवर, हळूहळू, संकेश्वरात,
दस्तगीर नदाफच्या दुकानात.
शेजारी मिरचीचं गोडाऊन.
नव्या रबराचा वास आणि तिखटाचा ठसका
एकाच शिंकेत.

"चारी बदला," म्हणाला.
मी पर्स उघडून बघितली.
"मग दोन. पण दोन्ही मागं घालणार.
पुढचं सरकलं तर हाताला कळतंय.
मागचं सरकलं तर कळायच्या आदी फिरवतंय बघा."

टायर आडवा टाकून
कुशीवरचे चार आकडे त्यानं अंगठ्यानं पुसले:
अठ्ठाविसावा आठवडा, गेलं साल.
मी दिवसभर नळ्यांवरच्या तारखाच बघते,
म्हणून मीही वाकले, मीही वाचलं.
"लोक नुसतं नख लावून बघत्यात," तो म्हणाला,
"दुधी घेतल्यागत."

यल्लेश, वय सतरा, रिमच्या कडेला तारेचा ब्रश मारत होता.
जुन्या रबराचा चुरा, गंज, घाटातली माती.
"खरवड, करपलेलं पातेलं खरवडल्यागत.
कणभर राहिलं तर रातभर गळतंय,
आणि सकाळी गिऱ्हाईक खिळ्याला बोलत नाही,
मला बोलतंय."
जुना वॉल्व्ह कापला, नवा ओढून बसवला.
डब्यात साबण कालवला, घट्टसर,
टायरच्या दोन्ही ओठांना लावला.
तेल नाही. ग्रीस तर नाहीच.
बाण कुठल्या दिशेला, दोनदा बघितलं.
पिवळा ठिपका वॉल्व्हपाशी आणला.
मशीनच्या लोखंडी बोटाखालून
खालची कड आत गेली, मग वरची,
शेवटची वीतभर मात्र
यल्लेशच्या गुडघ्यानं.

मग दस्तगीर म्हणाला, "गाळी हाकू."

माझं माहेर गडहिंग्लजकडचं.
तिथं गाळी म्हणजे शिवी, जुन्या माणसांच्या तोंडातली.
यल्लेशच्या घरी गाळी म्हणजे वारा, हवा.
तो एका हातानं नळी जोडत
तोंडानं मराठीतून
टायरला दोन्ही घालत होता.

"लांब हो. चिमटा लाव, लांबनं भर.
कडेला बोट नको."
दस्तगीरच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं.
काटा वीस. पंचवीस.
रबर हळूहळू छाती काढत होतं.
ठप्प.
एक बाजू बसली.
दुसरी बसेना.
तीस. पस्तीस.
कॉम्प्रेसर सोडून सगळे गप्प,
मिरचीवाल्या बाईनं सुद्धा सूप खाली ठेवलं.
"चाळीसच्या वर न्यायचं नाही.
नाही बसली तर सगळी सोड, परत साबण."
अडतीस.
ठप्प.
सूप पुन्हा सुरू झालं.

काठाकाठानं साबण फिरवला, बुडबुडा नाही.
वॉल्व्हवर थुंकीचा थेंब, तोही निवांत.
मग हवा उतरवत तेहतीसवर आणली,
माझ्या दाराच्या पट्टीवर लिहिलंय तेवढीच.
शिशाचे दोन तुकडे रिमला चिकटवले.
गाडी जॅकवर, पाच नट आधी हातानं,
मग समोरासमोर, एक सोडून एक,
शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर.

दुसरं चाक पहिल्या दमात बसलं.
त्याच्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

"नवं रबर बुळबुळीत असतंय,
दोन-तीनशे किलोमीटर मस्ती नको.
बेळगाव पन्नासच्या आसपास.
पेटी पोचवा, येताना थांबा, परत आवळतो."

रक्त पोचलं. एका नळीवरचं नाव पुसट झालेलं,
ते मी तोंडपाठ सांगितलं.

परतताना दिवे लागले होते.
त्यानं पाना लावला, दहा वेळा.
नऊ नट तिथंच.
एक फिरला, पाव आटा.
"बघा," म्हणाला, आणि पैसे घेतले नाहीत.
मला काय दाखवावं कळेना,
मी पेटी उघडून दाखवली, रिकामी.
यल्लेश शिंकला.