चाळीस सेकंदांचा चोर

विजयदुर्गच्या जेटीवर कंपनीची गाडी आली
तेव्हा गुणाजी मेस्त्री होडीची फळी तासत होता.
त्यांना चोर हवा होता.
उंच, काळा, बोलणारा नको.
कुणीतरी बोट दाखवलं :
हा सव्वीस वर्षं संकासुर करतो.

किल्ल्याच्या कोठारात नेऊन
त्याला टोपीवाला झगा घातला,
मागून लाल दिवा, पायाशी धूर,
हातात चकचकीत तबकड्यांची चळत.
म्हणाले, बघा असं, जसे कुणाच्या घरात शिरताय.
गुणाजी म्हणाला, शिरताना मानूस खाली बघता,
उंबरो असता.
ते नको म्हणाले.
मग बेड्या.
आठशे रुपये, आणि पाव थंड झालेला.

या गावाला कंपनी नवी नाही.
पहिली आली होती ती तराजू आणि तोफा घेऊन,
तिच्या वह्यांत इथलं प्रत्येक गलबत चाच्यांचं.
मीठ नेणारं, नारळ नेणारंसुद्धा.

जाहिरात सिनेमाच्या आधी लागते म्हणे.
टॉकीज दीड तासावर.
दोनदा गेलो आम्ही, मी आणि गुणाजी,
दोन्हीदा एसटी उशिरा पोचली,
आत शिरलो तेव्हा नायक गात होता
आणि चोर पकडून झाला होता.

शेवटी तो हर्षदा तारीच्या दुकानात गेला.
रिचार्ज, झेरॉक्स, कार्ड भरून मिळेल.
म्हणाला, मी कसो दिसतंय
ता माका एकदा बघूचा हा.
तिनं कुठून काढली विचारलं नाही.
ज्या जाहिरातीत चोरून बघू नका असं होतं
ती आम्ही तिघांनी काउंटरवर वाकून बघितली,
नखाएवढ्या कार्डातून,
मासळीच्या वासात.

तोंड नव्हतंच त्यात.
टोपीखाली नुसता काळोख,
आवाज कुणा दुसऱ्याचा, जाडा, शहरातला.
पण बेडीतल्या डाव्या हाताला
करवतीनं नेलेलं बोटाचं पेर नव्हतं,
आणि गुणाजी एकदम म्हणाला, हो मी!
असा, जसा कुणी गर्दीत आपलं पोर ओळखतो.

हर्षदाला मी एकदा बोललो होतो, तेही सांगतो.
गिर्याच्या जत्रेतलं आमचं अख्खं नाटक
तिनं शेपन्नास कार्डांत भरलं होतं.
पुढच्या वर्षी नारिंग्र्याला माणसं कमी होती.
कार्डामुळे की थंडीमुळे, मला कळलं नाही.
पण मुंबईहून एका चाकरमान्याचा फोन आला,
आईच्या उशाशी लावून ठेवलंय म्हणाला,
तुमची पेटी ऐकत झोपते.
मग मी कुणाला काय बोलणार?
माझी पेटीही मी कुणाकडून उचलली,
बांद्याच्या एका म्हाताऱ्याकडून, न विचारता,
रात्रभर त्याच्या बोटांकडे बघत.
आमच्या नाटकाला वही नाही.
जे तोंडात आलं ते त्या रात्रीचं.

आणि आमच्यातही चोर आहेच की.
संकासुरानं वेद पळवले, ब्रह्मदेवाचे,
याहून मोठी चोरी कुठली?
विष्णू त्याला रोज मारतो.
पण मारण्याआधी त्याला अर्धा तास मिळतो,
लाल जीभ हलवत तो देवाची, भटजीची, सरपंचाची
उडवतो, आणि बायका पदर तोंडाला लावून हसतात.
कंपनीनं चाळीस सेकंद दिले,
तेही मुक्यानं.

परवा, रामेश्वराच्या देवळापुढे,
पहाटे तीनच्या सुमाराला
विष्णूनं गदा उचलून दटावलं,
दुष्टा, वेद कुठे आहेत?
संकासुरानं जिभेखालून
काहीतरी काळं, नखाएवढं काढलं.
हेच्यात असत, म्हणाला.
व्हये तर तुझ्यात टाकतंय.
तुझो मोबाईल खंयचो?

मांडवात हसू फुटलं,
मागच्या रांगेत पाच-सहा पडदे उजळले,
हातभर वर धरलेले.
विष्णू हसला, मारायचं विसरला,
आणि मी भाता दाबून
सूर तसाच धरून ठेवला.