दिसूना झालाय

दोन बोटांत मावेल एवढीशी पट्टी
अंबय्या इराबत्तींनी रुमालात गुंडाळून आणली,
पानाचा विडा आणावा तशी.
“पोरगं पुण्यात असतंय मॅडम. ते म्हणालं,
हे टाकलं की कॉम्प्युटर पळतंय.”

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. मे महिना, दुपारचे अडीच.
पत्र्याखाली बावीस माग,
आणि काचेच्या केबिनमध्ये
चादरींची सगळी नक्षी पोटात धरून
धापा टाकणारा जुना डबा.
मोर, कोयऱ्या, चौकटी,
देणं बुडवून गेलेल्या गिऱ्हाइकांची नावंसुद्धा.
शेजारी नवा डबा, अजून थर्माकोलचे दाणे चिकटलेला.

मी झाकण काढलं, पट्टी खाचेत सरकवली,
मोहरीएवढा स्क्रू आवळला
आणि विंडोज चढवायला बसले.
पडदा म्हणाला, ड्राइव्ह सापडला नाही.

काढली. फुंकली. परत लावली.
सापडला नाही.

“का ओ, दिसूना झालाय का?”

बायोसमध्ये दिसतोय काका. नाव, कंपनी, सगळं.
फाटकावरच्या वॉचमननं पाहिलंय त्याला,
आत मात्र कुणी ओळख देत नाही.
ड्रायव्हर लागेल.

“गाडीच विकलो की मागल्या दिवाळीत,”
अंबय्या म्हणाले, आणि स्वतःच हसले.

कसं सांगावं या माणसाला
की सेकंदाला तीन हजार एमबी ओढणारी ही पट्टी
मुकी असते,
तिची बोली येणारा कुणी मध्ये उभा राहीपर्यंत.
आणि कुणी अर्धवट बोली येणारा भेटला
तर तो तिला जुन्या चकतीसारखंच वागवतो,
सगळी कामं एका रांगेत उभी करतो,
हिच्याकडे हजारो खिडक्या उघड्या असताना.

खाली दस्तगीर जॉबर
सात नंबरच्या मागाखाली आडवा होता.
सुरतेहून सेकंडहँड आणलेला हा माग
पहिले तीन आठवडे नुसते धागे तोडत होता.
दस्तगीरनं एक रात्र त्याला कान लावून काढली,
सकाळी पान्यानं अर्धा आटा फिरवला.
बास.

काका, दस्तगीर नसता तर सात नंबर काय होता?
“भंगार,” ते पटकन म्हणाले.
मग सुपारी चघळायची थांबली.

पेन ड्राइव्ह माझ्या गळ्यात होता,
चादरीच्या किनारीच्या सुतात ओवलेला.
त्यातली फाइल एका मोराहून हलकी.
लोड ड्रायव्हर. ब्राउज. ओके.
रेघ निम्म्यापर्यंत सरकली
आणि लाइट गेली.

बावीस माग एकदम गप्प झाले की
कानात पाणी शिरल्यासारखं होतं.
यूपीएस तेवढा चिरकत राहिला.
दस्तगीर ग्रीसचे हात पुसत दारात आला.
“मॅडम, तुमच्यात पण जॉबर असतोय म्हणे?”
असतो. पगार नसतो त्याला.
“मग ओळखीचाच निघाला की.”
अंबय्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले.

रेघ पूर्ण झाली.
डिस्क शून्य. नऊशे एकतीस जीबी. रिकामी.

“हजाराची घेतलोय मी!”
तो हिशेब कंपन्यांचा वेगळा, आपला वेगळा.
“म्हणजे त्यांच्यात पण कट्टीत सूत कमीच भरतंय.”

संध्याकाळपर्यंत नक्षी उतरवत बसले.
नवा डबा हात पसरून तयार,
जुनी चकती मात्र करकरत, खोकत
एकेक कोयरी मोजून देणारी.
मग केबल काढली, बटण दाबलं.
मी नऊ मोजायच्या आत
पडद्यावर मोर उभा.

अंबय्यांनी पट्टीची तारीफ केली. पोराला फोन लावला,
“पळतंय बे, पळतंय!”
पट्टीचं नाव दोनदा सांगितलं, किंमत तीनदा.

लाइट आली होती. मी पिशवी भरली.
पेन ड्राइव्ह परत गळ्यात.
जिन्यावरून उतरताना सात नंबर
खडाखड मोर विणत होता.
शेजारी आठ नंबर बंद,
त्याच्या खालून दोन पाय बाहेर,
एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.