बावीस फेरे

पहाटे चारला
माझ्याआधी माझा हात जागा होतो.
बंदरावरच्या बागेचा व्हॉल्व्ह,
डावीकडे बावीस फेरे,
अठराव्याला अडतो, तिथे एक शिवी द्यायची,
मग लोखंडातून पाणी धावू लागलेलं
तळव्याला कळतं.
अकरा वर्षं मी हिरवळीला पाणी पाजलं.

ती आली होती ट्रकमधून, गुंडाळ्या होऊन,
मांडवाच्या सतरंज्या याव्यात तशी.
देवगडच्या जांभ्यावर अंथरली,
कडेला पाटी ठोकली: हिरवळीवर चालू नये.
फुलायची नाही, वाळू द्यायची नाही,
वाढली की कापायची,
आणि रोज बारा हजार लिटर.
वरच्या आळीला एक दिवस आड वीस मिनिटं.
शेवटच्या घरी, शमीम काझींकडे,
नळातून नुसती हवा यायची, फुस्स,
मांजर दचकून कौलावर.

सावित्रा कोळंबकर तण बेणायला असायची.
उपटून फेकायची ते म्हणजे
कुड्याचं पोर, दिंड्याचा कोंब,
मर्यादवेलीचा एखादा हट्टी हात.
एकदा खुरपं थांबवून म्हणाली,
"ह्यां गवत गाय खायना, शेळी खायना,
मगे ह्येका पाणी कित्याक?"
मी काय सांगणार?
माझ्याकडे चावी होती,
उत्तर ऑफिसात होतं.

मग एका एप्रिलात
योजनेच्या विहिरीतून मोटारीनं चिखल ओढला
आणि सभेत ठराव झाला:
हिरवळ काढा, इथली झाडं लावा.
ओरसकर इंजिनिअरनी दरसूची उघडली.
कुडा? दर नाही.
निगडी? दर नाही.
पिटकुळी? स्पेलिंग सांगा.
करवंदाची जाळी मोजायची कशी, नग की मीटर?
शेवटी "इतर किरकोळ" या सदराखाली
अख्खा सडा मंजूर झाला.
रोपं आणायला सावित्राच गेली.
जे उपटायचे पैसे मिळत होते
तेच लावायचे मिळू लागले,
ती हसली नाही, हजेरी मांडून घेतली.

गुंडाळी उलटी सोलली तेव्हा
खालून जांभा निघाला, भोकाभोकांचा, तांबडा,
पट्टी काढलेल्या गुडघ्यासारखा.
खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं.
माझी हर्षदा याच हिरवळीवर चालायला शिकली,
रात्री, राखणदार जेवायला गेल्यावर,
त्याच पाटीचा खांब धरून.

दोन वर्षं लोक विचारत होते, बाग कुठे गेली?
मसुरकर मास्तर बाकावर
बागेकडे पाठ करून बसायचे.
मे महिन्यात निगडी सोडली तर सगळं तपकिरी,
हे कबूल.
फोटो काढायला आता कुणी नवरानवरी येत नाहीत.
पण यंदा कुडा असा फुलला
की मास्तर बाकावर आडवे बसले,
अर्धे समुद्राकडे, अर्धे इकडे.
पोरं जाळीत शिरतात,
ओठांना करवंदाचा चीक, सदऱ्याला काटे,
घरी मार.

पाटी सावित्रानं मागून नेली.
खुराड्यावर टाकलीय.
हिरवळीवर चालू नये,
कोंबड्या दिवसभर तिच्यावर चालतात.

बागेची लाइन कापून वरच्या आळीला जोडली.
नवा व्हॉल्व्ह आहे, सात फेऱ्यांत उघडतो,
कुठेच अडत नाही.
तरी पहाटे चारला हात जागा होतो,
चादरीखाली मोजू लागतो,
आणि अठरापाशी
तोंडात शिवी येऊन थांबते.

परवा पट्टी वसुलीला काझींकडे गेलो होतो.
शमीमभाभींनी चहाच्या आधी
नळ सोडून दाखवला.
मांजर खालीच झोपलं होतं.
एक कान तेवढा ओला झाला,
तो झटकून
पुन्हा झोपलं.