गाडी झाली की

मे महिन्यात एरंडोलहून जळगावला निघालो की
पाळधीच्या अलीकडेच काटा लालात जायचा.
मग हितेंद्र काही न बोलता हीटर लावायचा.
हो, हीटर. बाहेर पंचेचाळीस,
आणि इंजिनाची आग आपल्या पायांवर घ्यायची,
म्हणजे तिला जरा हलकं वाटतं,
असं याकूब मिस्तरींनी सांगितलेलं.
चारी काचा खाली, ओढणी तोंडाला,
डिकीत सोयाबीन तेलाच्या कॅनमध्ये पाणी,
तिच्यासाठी पाच लिटर,
आमच्यासाठी एक बाटली.

दोन हजार एकची झेन. रंग एके काळी चंदेरी असावा.
डावं दार फक्त बाहेरूनच उघडायचं,
म्हणून कुठंही पोचलो की तो उतरून, वळसा घालून यायचा.
लोकांना वाटे, केवढा मान देतो बायकोला!

लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा
कळण्याची भाकरी थापता थापता सासूबाईंनी विचारलं.
मी म्हटलं, गाडी झाली की.
थाप थांबली.
"गाडीना नि पोऱ्याना काय संबंध शे व माय?
तुना दाल्ला ते बैलगाडीम्हा व्हयेल शे."

मी संबंध सांगितला.
बांभोरीचा पूल सांगितला, रात्रीचे दोन सांगितले,
वाळूचे डंपर मागून भोंगे वाजवताहेत,
मधोमध झेन बंद,
आणि मागच्या सीटवर मी, कळा देत.
इतकं नीट रंगवलं की त्या गप्पच झाल्या.
मग हेच सगळ्यांना सांगत सुटले,
नणंदेला, पोस्टातल्या बायकांना,
कानबाईच्या रोटांना जमलेल्या भाऊबंदांना.
गाडी झाली की. गाडी झाली की.
कारण लंगडं नव्हतं, चांगली चार चाकं होती त्याला.
फक्त ते मी चालवत होते
आणि मला पोचायची घाई नव्हती.

हितेंद्रला हे कळलं होतं की नाही, कोण जाणे.
तो दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत राहिला.

झेन याकूब मिस्तरींच्या भाच्याने घेतली,
धरणगावचा, एकतीस हजार रोख.
अंडी पोचवायला.
"अंडी? हिच्यात?"
"हळू चालवीन ना, भाभी."
निघताना अर्थातच चालू झाली नाही.
सवयीने मीच स्टिअरिंगला बसले, मागून हे दोघं.
आरशात बघावं लागत नाही मला.
हितेंद्रच्या चपला कशा वाजतात त्यावरून
त्याचा दम कुठवर आलाय ते कळतं,
तो "सोड!" म्हणायच्या आधीच
माझा क्लचवरचा पाय सुटलेला असतो.
संसारात आम्हाला बिनचूक जमलेली
ही एवढी एकच गोष्ट.

अजिंठा चौफुलीच्या शोरूममध्ये
टाय लावलेला पोरगा मागच्या सीटच्या फटीत हात घालून म्हणाला,
"हे दोन हूक, मॅडम. बेबी सीटसाठी."
मी बोट घालून पाहिलं. गार लोखंड.
हप्ता सात वर्षांचा.
हितेंद्र बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होता,
विचारलं तर म्हणाला, काही नाही.
मीही मोजलं होतं.
फिटेल तेव्हा पहिलीत असेल.

येताना काटा मध्यावर. हललाच नाही.
पूल कधी मागे पडला तेही कळलं नाही,
गिरणेत पाणी होतं का, तेही.
एसी एवढा शांत की
काहीतरी बोलावं लागेल अशी भीती वाटली,
आणि दोघांनाही ती वाटत असावी,
कारण पिंपळकोठ्याला दोघं एकदमच म्हणालो,
"आवाज नाही हिला."

दारात सासूबाई ताट घेऊन उभ्या. लिंबं चाकांखाली.
मी बसूनच राहिले, सवयीने.
तो वळसा घालून आला, सवयीने.
मग आठवलं, हे आतूनही उघडतं.
मी आतून ओढलं, त्याने बाहेरून, एकाच वेळी,
आणि नवं कोरं दार अडलं.
काचेपलीकडून त्याचे ओठ हलले,
सोड.
तू सोड, मी म्हटलं.
सासूबाईंच्या ताटातला दिवा विझत आला होता
आणि आम्ही दोघं हँडल धरून
हसत होतो, की काय होतं ते.